खडकीचा संस्थापक मलिक अंबर : निवास, नगर आणि वारसा

तिसगावकडून शेवगावास येताना वाटेत अमरापूर हे गाव लागते. आज हे गाव तेथील रेणुकामातेच्या देवस्थानामुळे परिचित आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्याचे अगत्य वाटते ते निराळ्या कारणाने. निजामशाहीचा सर्वाधिकारी मलिक अंबर १६२६ च्या मे महिन्यात मरण पावला तो येथेच, अशी परंपरा आहे. गावाचे मूळ नाव ‘अंबरापूर’ होते व त्याचेच पुढे ‘अमरापूर’ झाले, असेही ही परंपरा सांगते. अंबराची कबर मात्र खुलदाबादेस आहे, आणि त्याने वसविलेले नगर तिसऱ्याच ठिकाणी, खाम नदीच्या काठी आहे. त्या नगराने चार शतकांत चार नावे धारण केली; संस्थापकाचे नाव त्यांपैकी एकातही नाही. ज्या पुरुषाचे जन्मस्थान परक्या खंडात, कर्मस्थान एका ठिकाणी, मृत्युस्थान दुसऱ्या व विश्रांतिस्थान तिसऱ्या ठिकाणी, त्याचे ‘घर’ कोणते म्हणावे, आणि त्याचा वारसा शोधावयाचा तो कोठे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नगरसंस्थापकांचा अभ्यास करताना आपण बहुधा वाडे, तट, वेशी आणि शिलालेख यांकडे प्रथम वळतो. सरहद्दीवर वसविलेल्या नगराच्या बाबतीत ही पद्धत अपुरी ठरते. असे नगर वारंवार जळते, लुटले जाते, हस्तांतरित होते. त्यातील वास्तू विजेत्याच्या सोयीप्रमाणे बदलतात. म्हणून तेथे संस्थापकाची खूण भिंतीत जितकी सापडते, तितकीच किंवा त्याहून अधिक ती जमिनीखाली, दप्तरात आणि लोकांच्या बोलण्यात सापडते. खडकीचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

१. सरहद्द म्हणजे काय

अहमदनगरची निजामशाही १४९० मध्ये स्थापन झाली. १६०० च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला अकबराच्या सैन्याने घेतला, राजा कैद झाला, आणि बाह्यतः राज्य संपले. प्रत्यक्षात मुघलांच्या हाती आला तो किल्ला व त्याच्या भोवतीचा काही मुलूख. उरलेला प्रदेश निजामशाही सरदारांच्या ताब्यात होता. त्यांपैकी मलिक अंबराने परांडा येथे राजघराण्यातील एका तरुणास दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसविले, आपली कन्या त्यास दिली आणि राज्याचा कारभार स्वतःकडे घेतला. राजधानी परांड्याहून जुन्नरास व १६१० मध्ये दौलताबादेस गेली.

या काळात निजामशाहीला स्थिर अशी सीमा नव्हती. उत्तरेस बुऱ्हाणपूर हे मुघलांचे दक्षिणेतील मुख्य ठाणे होते; तेथून अजिंठ्याचा घाट चढून मुघल सैन्य येई. अहमदनगर १६०० मध्ये गेले, १६१० मध्ये अंबराने परत मिळविले, १६१७ च्या तहाने पुन्हा गेले. गोदावरीचे खोरे, म्हणजे आजचा पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव हा पट्टा, या दोन टोकांच्या मधोमध येत होता. आज मुघलांचा अंमल तर उद्या निजामशाहीचा, अशी या मुलखाची स्थिती होती. येथील रयतेच्या दृष्टीने सरहद्द म्हणजे नकाशावरील रेघ नव्हे. धारा कोणास भरावयाचा याविषयीची अनिश्चितता म्हणजे सरहद्द. पुढे एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत, १९४८ पर्यंत, गोदावरीच्या एका अंगास मुंबई इलाख्याचा शेवगाव तालुका आणि दुसऱ्या अंगास हैदराबाद संस्थानातील पैठण अशी पुन्हा एक सीमा या भागात नांदली. सीमाप्रदेशाचे हे स्वरूप ध्यानात घेतल्याखेरीज अंबराच्या कार्याचा अर्थ नीट लागत नाही.

२. संस्थापकाचे पूर्वचरित्र

मलिक अंबराचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू असे नोंदले गेले आहे. बालवयातच तो गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तानातील व बगदादेतील बाजारांतून हात बदलत, मीर कासिम या धन्याकडून ‘अंबर’ हे नाव व काही शिक्षण घेऊन तो १५७० नंतरच्या काही वर्षांत दक्षिणेत आला. येथे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्यास विकत घेतले. चंगीझखान हा स्वतःही हबशी असून एकेकाळी गुलाम होता. दक्षिणेतील गुलामगिरीचे हे वैशिष्ट्य विसरता येत नाही : शिपाईगिरीसाठी घेतलेला गुलाम धन्याच्या मृत्यूनंतर बहुधा मुक्त होई, आणि पराक्रम असेल तर सरदारही होई. १५७४–७५ च्या सुमारास चंगीझखान मरण पावल्यावर अंबर मुक्त झाला. काही काळ त्याने विजापूरच्या चाकरीत काढला, व १५९५ मध्ये तो निजामशाहीत अभंगखान या हबशी सरदाराच्या हाताखाली परतला. त्या वेळी त्याच्या पदरी दीडशे स्वार होते.

पन्नाशीच्या जवळ आलेला, दीडशे स्वारांचा हा सरदार पुढील पंधरा वर्षांत एका बुडालेल्या राज्याचा आधार झाला आणि साठी उलटल्यावर त्याने नगर वसविले. येथे एक गोष्ट विचारात घ्यावी. मालोजी, लखुजी यांच्यासारख्या सरदारांना वतन होते, गाव होते, कुळ होते. पराभव झाला तरी परतण्यास एक ठिकाण होते. अंबराला असे काही नव्हते. त्याचे सामर्थ्य त्याच्या सैन्यात आणि त्याने लावून दिलेल्या व्यवस्थेत होते. त्याने नगर वसविले ते वाडवडिलांच्या भूमीवर नव्हे, तर जेथे राज्य टिकविण्याची निकड होती तेथे.

३. खडकीची निवड

दौलताबादेपासून पूर्वेस सुमारे १५ किलोमीटरांवर खडकी नावाचे एक खेडे होते. नावावरूनच भूमी खडकाळ असल्याचे सूचित होते. १६१० मध्ये अंबराने तेथे नगराची उभारणी सुरू केली. हाताशी दौलताबादेसारखा दुर्गम किल्ला असता नवे नगर कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

याचे उत्तर अंबराच्या युद्धपद्धतीत आहे. गनिमी काव्याने, बारगिरांच्या चपळ तुकड्यांनी शत्रूची रसद तोडावयाची, समोरासमोरची गाठ टाळावयाची, आणि तो थकला की झडप घालावयाची, ही त्याची रीत होती. अशा सैन्याला हवा असतो मोकळा माळ, चारा, पाणी, बाजारपेठ आणि चहूकडे फुटणाऱ्या वाटा. किल्ला हे आश्रयस्थान खरे. पण हजारो घोड्यांचे दाणावैरण, लोहार, नालबंद, सराफ व बंजारे यांना त्यात जागा नाही. खडकी दौलताबादेच्या टप्प्यात होती, म्हणजे संकटकाळी किल्ला जवळ होता. आणि त्याच वेळी ती अजिंठ्याच्या वाटेवर, पैठणच्या वाटेवर व जालन्याच्या वाटेवर होती. नगर आणि किल्ला यांची ही जोडी करून अंबराने दोघांची कामे वाटून दिली.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. शहराभोवतीचा जो तट पुढे प्रसिद्ध झाला तो औरंगजेबाच्या काळातील, १६८२ चा आहे. अंबराच्या खडकीची भिस्त तटावर नव्हती. त्याने १६१२ मध्ये मुघलांवरील विजयाच्या स्मरणार्थ भडकल दरवाजा उभारला. तो वेशीपेक्षा विजयकमान म्हणूनच अधिक शोभतो. शत्रू येईल व कदाचित नगर जाळील, हे गृहीत धरून केलेली ही नगररचना होती, असे अनुमान करण्यास जागा आहे.

हे अनुमान पुढील घटनांनी दृढ होते. १६१६ च्या फेब्रुवारीत, काही मराठे सरदार मुघलांना मिळाल्यानंतर, रोशनगाव येथे शाहनवाजखानाने अंबराचा पराभव केला आणि मुघल फौजेने खडकीत शिरून नगराचा विध्वंस केला. १६२१ मध्ये शाहजादा खुर्रमच्या स्वारीत त्याची पुनरावृत्ती झाली. इतक्या वर्षांच्या श्रमाने उभे राहिलेले हे नगर आता पुढील वीस वर्षांतही पूर्वस्थितीला येणार नाही, अशा आशयाची फुशारकी जहांगीराच्या आत्मचरित्रात आढळते. ती खोटी ठरली. दोन्ही वेळा खडकी पुन्हा उभी राहिली. आणि १६३६ मध्ये दक्षिणेचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाला नवीन नगर वसविण्याची गरज भासली नाही, त्याने याच नगरात वास्तव्य केले.

४. नौखंडा : संस्थापकाचे निवासस्थान

अंबराच्या निवासाची वास्तू म्हणून नौखंडा महाल सांगितला जातो. उंचवट्याच्या जागी तो बांधलेला असून त्याच्याकडे जाणाऱ्या मार्गावर भडकल दरवाजा आहे. या दरवाजावर चौघडा झडत असे. नऊ खंडांचा, म्हणजे नऊ दालनांचा महाल म्हणून ‘नौखंडा’ असे नाव पडल्याचे मानतात. बांधणीचे वर्ष १६१६ असे दिले जाते.

हे वर्ष ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या वर्षी रोशनगावचा पराभव झाला आणि नगर जळाले, त्याच वर्षी संस्थापकाचा महाल उभा राहिल्याचे सांगितले जाते. ही नोंद बरोबर असल्यास महाल जळालेल्या नगरात पुनर्रचनेचा भाग म्हणून बांधला गेला असला पाहिजे. तसे असेल तर त्या वास्तूचा अर्थ बदलतो. विजयाच्या ऐश्वर्याचे ते प्रदर्शन ठरत नाही. पळालेल्या व्यापाऱ्यांना, कारागिरांना आणि सरदारांना धनी येथेच राहणार आहे हे पटवून देणारी ती कृती ठरते. सरहद्दीवरील नगरात संस्थापकाच्या घराला हे राजकीय मूल्य असते. धनी राहतो म्हणून सावकार राहतो, सावकार राहतो म्हणून बाजार भरतो, बाजार भरतो म्हणून फौज पोसली जाते.

अंबर या महालात प्रत्यक्ष किती काळ राहिला, याचा हिशेब त्याच्या मोहिमांवरून केला तर फार थोडे दिवस हाती लागतात. १६१७ मध्ये डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके याने अंबराची भेट घेतली ती लष्करी तळावर. अंबराच्या मोहिमांची रूपरेषा पाहता त्याचे खरे घर तंबूच होते, असे म्हणण्यास हरकत नाही. मुघल चित्रकार हाशिम याने काढलेल्या त्याच्या चित्रात साधा पांढरा जामा, कमरेला शस्त्र आणि वयाने पोक्त झालेली, निश्चल मुद्रा दिसते. दरबारी थाटापेक्षा फिरतीवरच्या सेनापतीची छाप त्या चित्रावर अधिक आहे.

नौखंड्याचा पुढील इतिहास म्हणजे एका घराचे दुसऱ्यांनी केलेले रूपांतर होय. अठराव्या शतकात निजाम-उल्-मुल्क आसफजाहाने त्याचा उपयोग केला व त्यात नवीन महाल वाढविले. दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, मशीद, कचेरी, बागा व हौद अशी भर पडली. आसफजाही राजधानी हैदराबादेस गेल्यावर वास्तूला उतरती कळा लागली. आज त्या परिसरात स्त्रियांचे महाविद्यालय आहे. मूळ नऊ खंडांची बांधणी आणि नंतरची भर यांचा निवाडा नुसत्या नजरेने होत नाही. विटांचे माप, चुन्याचा प्रकार, कमानींची घडण यांची तुलना भडकल दरवाजाशी आणि अंबराने बांधलेल्या काळ्या दगडांच्या मशिदींशी केली पाहिजे. जामा मशिदीच्या बाबतीतही असाच विवेक लागतो. तिचा आरंभ अंबराचा असून विस्तार औरंगजेबाच्या काळातील आहे.

५. जमिनीखालचे नगर

महाल बदलला, तट नंतर आला. जमिनीखाली अंबराने जे केले ते मात्र दीर्घकाळ टिकले. ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने प्रसिद्ध असलेली पाणीपुरवठ्याची योजना १६१७ च्या सुमाराची मानली जाते, म्हणजे तीही पहिल्या विध्वंसानंतरची.

योजनेचे तत्त्व समजून घेण्यास या प्रदेशाची भूरचना पाहावी लागते. येथे काळ्या अग्निजन्य पाषाणाचे थर एकावर एक आहेत. अभंग पाषाणातून पाणी मुरत नाही. परंतु त्यावरील झिजलेल्या, भेगाळलेल्या व मुरमाड थरात पावसाचे पाणी साठून डोंगराच्या पायथ्याकडे संथपणे सरकत राहते. नगराच्या उत्तरेस हर्सूल व सावंगीच्या बाजूला जे डोंगर आहेत, त्यांच्या पायथ्याच्या या झिरपाला जमिनीखालील बोगद्याने अडवून, मंद उताराने, कोणत्याही मोटेवाचून किंवा रहाटावाचून नगरापर्यंत आणावयाचे, ही योजना होती. बोगद्यावर ठरावीक अंतराने उभी भुयारे, म्हणजे झडत्या, ठेवलेल्या असत. खोदकामाच्या वेळी माती वर काढण्यासाठी, नंतर गाळ उपसण्यासाठी आणि हवा खेळती राहण्यासाठी त्यांचा उपयोग होई. नगरात पोहोचल्यावर पाणी हौदांत साठवून मातीच्या नळांनी वाड्यांना, मशिदींना व सार्वजनिक पाणवठ्यांना वाटले जाई.

ही कल्पना अंबराला एकाएकी सुचली असे मानण्याचे कारण नाही. इराणात अशा भुयारी पाटांची परंपरा प्राचीन असून ती दक्षिणेतील सल्तनतींत आधीच रुजली होती. खुद्द अहमदनगर शहराला निजामशाही काळात आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणलेले होते, आणि अंबराचे उमेदीचे आयुष्य याच राज्यात गेले होते. विशेष म्हणजे याच सुमारास, १६१५ मध्ये, मुघलांनी बुऱ्हाणपुरास भुयारी पाण्याची योजना केली. परस्परांशी लढणाऱ्या दोन ठाण्यांनी एकाच दशकात एकाच उपायाचा आश्रय करावा, यावरून सरहद्दीवरील मोठ्या फौजांना पाण्याची निकड किती होती हे स्पष्ट होते. युद्धाच्या दृष्टीनेही या योजनेचा एक गुण आहे : उघडा पाट शत्रू सहज फोडतो, तलावात घाण टाकतो; जमिनीखालचा झरा त्याच्या नजरेस पडत नाही. १६२१ च्या विध्वंसानंतर नगर पुन्हा वसू शकले याच्या कारणांत या पाण्याचा वाटा मोठा असला पाहिजे.

पाण्याविषयीची ही जाण अंबराने शस्त्रासारखीही वापरली. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मुघल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेशी गाठ पडली तेव्हा सलाबतखानाच्या काळातील तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या छावणीत पाणी व चिखल केला, आणि हवालदिल झालेल्या सैन्याचा पराभव केला, असे सांगितले जाते. नगर जगविण्यासाठी ज्याने पाणी अडविले त्यानेच शत्रूला जेरीस आणण्यासाठी ते सोडले.

येथे एका प्रचलित समजुतीचे निरसन करणे इष्ट आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतची पाणचक्की पुष्कळ प्रवासी अंबराची मानतात. ती व तिला पाणी पुरविणारी नहर अंबरानंतरच्या काळातील असून पाणचक्कीचे आजचे रूप अठराव्या शतकातील आहे. तथापि या नगरात नंतर ज्या नहरी झाल्या त्या याच तत्त्वावर झाल्या. एका योजनेने पुढील कारागिरांना वाट घालून दिली, हा वारशाचाच एक प्रकार होय.

६. जमाबंदीचा वारसा

खडकीच्या संस्थापकाचे नाव खेड्यापाड्यांत टिकले ते वास्तूंमुळे नव्हे, तर धाऱ्यामुळे. अंबराने इजाऱ्याची पद्धत, म्हणजे वसुलीचा मक्ता सर्वाधिक बोली करणाऱ्यास देण्याची रीत, मोडली आणि वसुलीचे काम गावच्या पाटील-कुळकर्ण्यांमार्फत सरकारी देखरेखीखाली आणले. जमिनीची प्रत व प्रत्यक्ष पीक पाहून सरकारचा हिस्सा ठरविण्यात येई. ग्रँट डफने दिलेल्या माहितीनुसार हा हिस्सा आरंभी धान्यरूपाने सुमारे दोन पंचमांश होता व पुढे रोकडीत रूपांतर करताना तो सुमारे एक तृतीयांश धरण्यात आला.

या आकड्यांकडे पाहून अंबरास दयाळू राज्यकर्ता म्हणून गौरविण्याची किंवा उलट दोन पंचमांश हाही भारच होता म्हणून त्यास दूषण देण्याची घाई करू नये. त्यामागील निकड पाहावी. सरहद्दीच्या मुलखात इजारदाराला पुढील वर्षाची शाश्वती नसते. म्हणून तो चालू वर्षीच रयतेला पिळून घेतो. रयत परागंदा झाली की जमीन पड राहते, आणि फौजेचा खर्च भागत नाही. गावाशी थेट संबंध जोडल्याने रयतेला काहीशी निश्चिती आली आणि सरकारलाही. ज्या राज्याची राजधानी जाळली जाऊ शकते, त्याचा खजिना राजधानीत असून भागत नाही. तो नांगराखालच्या जमिनीत असावा लागतो. नहर आणि धारा या दोहोंमागे हीच एक दृष्टी दिसते.

सतराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत ‘मलिकंबरी’ हा शब्द जमाबंदीच्या संदर्भात येतो, आणि पुणे प्रांतातील आरंभीच्या शिवकालीन व्यवस्थेला तो पाया उपयोगी पडला. पुढे अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली स्वराज्यात स्वतंत्र मोजणी व प्रतबंदी झाली. तरी मागील तहाचा उल्लेख तुलनेसाठी होत राहिला. एखाद्या परदेशी जन्मलेल्या पुरुषाच्या नावाचे मराठीत विशेषण व्हावे आणि ते कुळकर्ण्याच्या बोरूतून उतरत राहावे, यापेक्षा अधिक टिकाऊ स्मारक क्वचितच सापडेल.

७. मराठे सरदार आणि खडकी

खडकीच्या उभारणीत मराठे सरदारांचा भाग होता. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही पुऱ्यांची नावे मराठे सरदारांच्या नावांवरून पडल्याचे सांगितले जाते. वेरूळचे भोसले व सिंदखेडचे जाधव ही दोन्ही घराणी या परिसरातील असून दोघांचाही निजामशाहीशी निकटचा संबंध होता. अंबराच्या बारगिरांत मराठ्यांची संख्या मोठी होती; भातवडीच्या लढाईत शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथे धारातीर्थी पडले. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात या लढाईचे सविस्तर वर्णन आहे. छत्रपतींच्या चरित्रग्रंथात मलिक अंबराला एवढे स्थान मिळावे, ही गोष्ट समकालीनांनी त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले याची निदर्शक आहे.

हे संबंध अखंड सलोख्याचे होते असे मात्र नाही. लखुजी जाधव मुघलांकडे गेले. भातवडीनंतर शहाजीराजेही काही काळ विजापूरकरांकडे गेले. अंबराची हुकमत कडक होती आणि सरदारांची निष्ठा वतनाशी प्रथम व धन्याशी नंतर होती. तरीही मोठ्या साम्राज्याशी लहान राज्याने कसे लढावे, मुलूख व फौज यांचा मेळ कसा घालावा, याचे शिक्षण एका पिढीला याच मुलखात मिळाले, हे नाकारता येत नाही. त्याचबरोबर स्वराज्याचे सर्व श्रेय अंबराच्या पदरी घालणे हेही अतिशयोक्तीचे होईल. त्याने एका राजघराण्याच्या नावाने राज्य राखले. नवीन राज्याची कल्पना त्याने मांडली नाही.

८. नावे आणि स्मृती

अंबराच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा फत्तेखान याने १६२६ मध्ये नगराला ‘फतेहनगर’ हे नाव दिले. १६३३ मध्ये दौलताबाद पडली व १६३६ मध्ये निजामशाही अस्तंगत झाली. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा सुभेदार होऊन आला तेव्हा नगर ‘औरंगाबाद’ झाले. २०२३ मध्ये त्यास ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव मिळाले. याच सुमारास अहमदनगरचे नावही ‘अहिल्यानगर’ असे बदलण्यात आले.

प्रत्येक नाव त्या त्या काळाने आपल्या आदरस्थानाला वाहिलेले आहे, आणि तो त्या काळाचा अधिकार आहे. इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य निराळे आहे. नाव कोणतेही असो, नगराच्या पायाशी कोणते श्रम आहेत हे त्याने सांगावे. अंबराने स्वतः नगराला आपले नाव दिल्याचे आढळत नाही; ‘खडकी’ हे खेड्याचे नाव त्याने तसेच ठेवले. त्याचे नाव पाण्याला व धाऱ्याला लागले ते लोकांनी लावले.

शत्रूंनीही त्याची आठवण ठेवली. जहांगीराच्या दरबारात अबुल हसन याने १६१६ च्या सुमारास काढलेल्या एका चित्रात बादशहा अंबराच्या छिन्न मस्तकावर बाण सोडताना दाखविला आहे. ही घटना कधीच घडली नाही, ती केवळ बादशहाची इच्छा होती. उलट, अंबराच्या मृत्यूची वार्ता नोंदविताना मुघल इतिहासकार मुतमदखान याने त्याच्या सेनापतित्वाची व कारभाराची मुक्त कंठाने प्रशंसा केली आहे. जिवंत शत्रूचे चित्र आणि मृत शत्रूचा गौरव ही दोन्ही साधने एकत्र वाचली पाहिजेत.

९. अमरापूर आणि खुलदाबाद

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. खुलदाबादेस जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्याच्या परिसरात अंबराची कबर असून जवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिची कबर आहे. ही वास्तू त्याने हयातीतच बांधविली असे मानतात. अमरापूरची परंपरा याच्याशी विसंगत नाही : मृत्यू एका ठिकाणी व दफन दुसऱ्या, पूर्वनियोजित ठिकाणी, ही त्या काळातील सरदारांच्या बाबतीत सामान्य गोष्ट होती. खुद्द औरंगजेबाचा मृत्यू १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगार येथे झाला आणि दफन खुलदाबादेस झाले.

गावाच्या नावाची व्युत्पत्ती मात्र सावधपणे हाताळावी. ‘अंबर’ या शब्दातील ‘ब’ चा लोप होऊन ‘अमर’ होणे मराठीच्या प्रकृतीस अपरिचित नाही. ‘कदंब’ पासून ‘कदम’ झाले, हे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु ‘अमरापूर’ म्हणजे देवांची नगरी, असा स्वतंत्र अर्थही या शब्दाला आहे आणि केवळ त्या अर्थानेही गावाला हे नाव पडू शकते. या दोन पक्षांचा निर्णय ध्वनिसाम्याने होणार नाही. सतराव्या व अठराव्या शतकांतील महजर, वतनपत्रे व जमाखर्चाचे कागद यांत गावाचे नाव कसे लिहिले आहे, हे पाहिले पाहिजे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला हाती घेण्याजोगा हा नेमका व मर्यादित विषय आहे.

असे काम लवकर होणे जरूर आहे. शेवगाव तालुक्यातील गोदाकाठची अनेक गावे जायकवाडीच्या नाथसागरात गेली. जुनी घरे, बारवा, वेशी व त्यांच्याशी निगडित आठवणी त्यांबरोबर गेल्या. धरणाने या दुष्काळी मुलखाला पाणी दिले, हे खरे. पण जी गावे उठली त्यांची दप्तरे व मौखिक परंपरा विस्कळीत झाल्या, हेही तितकेच खरे. खडकीच्या नहरीचेही तेच. वाढत्या वस्तीने तिच्या झडत्या बुजत आहेत, तिच्यावर पाया घातले जात आहेत. एक झडती बुजली की तेथून पुढची साफसफाई अशक्य होते आणि पुढील सारी वाट कोरडी पडते. भुयारी पाट हा साखळीसारखा असतो. त्याची एक कडी तुटणे म्हणजे साखळीच तुटणे.

मलिक अंबराचे घर कोणते, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. जन्मभूमी त्याच्याकडून बालपणीच हिरावली गेली. नौखंडा परक्यांच्या हाती जाऊन बदलला. तंबू मोहिमेबरोबर उठले. राहिले ते जमिनीखालचे पाणी, कागदावरचा ‘मलिकंबरी’ शब्द, आणि शेवगावच्या वाटेवरील एका गावाने जपलेली मृत्यूची आठवण. या तिन्ही खुणांची मोजणी, वाचन आणि टिपण करणे अजून आपल्या हाती आहे. झडत्यांची नकाशावर नोंद करण्याचे काम उन्हाळ्याच्या एका सुटीत होण्याजोगे आहे; ते यंदाच सुरू व्हावे.